इलेक्ट्रिक गिटारची घरघर : आधी हाताने तपासा, मग स्क्रू खोला

गिटार अ‍ॅम्पला जोडली की वाजवायच्या आधीच घरघर सुरू होते, ही तक्रार माझ्याकडे इतर कुठल्याही तक्रारीपेक्षा जास्त येते. पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, तारांखालचा चुंबक-कॉइलचा भाग) गेलं, नवीन घालायचं, असं येणाऱ्याने बहुतेक वेळा मनाशी ठरवलेलं असतं. प्रत्यक्षात पिकअप क्वचितच गेलेलं असतं. सुटलेली ग्राउंडची (सिग्नलच्या परतीच्या सामाईक मार्गाची) वायर, सैल झालेला जॅक (केबल खुपसायची जागा), वरवर चिकटलेला सोल्डरचा (वायर जोडणाऱ्या वितळवलेल्या धातूचा) थेंब, नाहीतर गिटारबाहेरचीच एखादी वस्तू, यांपैकी काहीतरी निघतं. दोष कुठे आहे याचा अंदाज गिटार न उघडताच येतो. कशाला हात लावल्यावर आवाज बदलतो, एवढं लक्षपूर्वक ऐकायचं.

लक्षणं

सुरुवातीला केबल काढून गिटार नुसतीच वाजवा. तार फ्रेटला घासून येणारी खरखर तेव्हाही ऐकू येत असेल, तर दोष तारांच्या उंचीत, नेकच्या बाकात किंवा फ्रेटच्या झिजेत आहे. तो वायरिंगचा विषय नाही. तसं नसेल तर केबल जोडा, गेन (सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) मध्यम ठेवा आणि न वाजवता ऐका.

- जाड, एकसुरी ‘घूंऽऽ’. ही विजेच्या पुरवठ्याची 50 किंवा 60 हर्ट्झची गुणगुण आणि तिचे वरचे सूर. गिटारची सगळ्यात जाड ई तार 82 हर्ट्झच्या आसपास बोलते. हा आवाज तिच्याही खालचा. गिटार घेऊन जागीच फिरलात तर तो कमी-जास्त होतो.
- पातळ, चिरकी ‘झर्रर’. तारांना हात लावला की कमी होते, काढला की परत येते.
- तीच झर्रर, पण तारांना हात लावून काही फरक नाही. जॅकभोवतीच्या बाहेरच्या धातूच्या पट्टीला बोट लावलं की मात्र गप्प.
- तारांना हात लावल्यावर आवाज वाढतो.
- घरघर प्रचंड आणि गिटारचा आवाज दूरवरून आल्यासारखा, किंवा नाहीच.
- केबल हलवली की घरघर येते-जाते.
- व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी घरघर तशीच.

नॉब फिरवतानाच येणारी खरखर वेगळी. तो पॉटमधला, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रोधकातला, मळ. पॉटच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा, नॉब इकडून तिकडे पुन्हापुन्हा फिरवा, बहुतेकदा काम होतं.

गिटारच्या बाहेर काय चाललंय

दिव्यांचे डिमर, जुन्या चोकच्या ट्यूबलाइट, हलक्या प्रतीचे एलईडी ड्रायव्हर, मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर आणि जड ट्रान्सफॉर्मर असलेलं कुठलंही यंत्र हे नेहमीचे संशयित. एकेक बंद करत जा. डिमर तर पूर्ण बंद करायलाच हवा. अर्ध्यावर असताना तो विजेची लाट मध्येच कापतो, त्यातून वरच्या कंप्रतेचे तुकडे पसरतात आणि तीच ती चिरकी झर्रर. अ‍ॅम्पपासूनही दोन पावलं लांब जा, कारण त्याचा पॉवर ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुण पसरवत असतो.

आता जागीच हळूहळू एक पूर्ण फेरी घ्या. ही चाचणी मी कधीच टाळत नाही. एखाद्या दिशेला आवाज जवळजवळ नाहीसा होत असेल, तर पिकअपची कॉइल हवेतलं चुंबकीय क्षेत्र पकडते आहे. वायरिंगमध्ये शोधून काही मिळणार नाही. कुठेही वळलात तरी फरक पडत नसेल, तर संशय वायरिंग, केबल आणि अ‍ॅम्पवर.

गिटार लॅपटॉपला ऑडिओ इंटरफेसमधून (गिटारचा सिग्नल संगणकाला देणाऱ्या डब्यातून) जोडत असाल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. आवाज तिथेच थांबला तर गिटार निर्दोष आहे.

केबल आणि पेडल

मधली सगळी पेडल्स (आवाज बदलणारे, पायाने चालवायचे डबे) काढून गिटार थेट अ‍ॅम्पला लावा. आवाज गेला तर एकेक पेडल परत जोडत जा. एकाच अ‍ॅडॉप्टरवरून माळ करून सगळ्या पेडलांना वीज दिली असेल, तर डिजिटल पेडलची शिट्टी इतरांत शिरते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक पेडलला वेगळा, आयसोलेटेड (इतरांपासून तुटक) पुरवठा. डिस्टॉर्शन आणि कॉम्प्रेसर ही पेडल्स स्वतः फारसा आवाज निर्माण करत नाहीत, पण आधीपासून असलेली बारीक घरघर कितीतरी पटीने मोठी करतात. म्हणून तपासणी नेहमी स्वच्छ टोनवर करायची.

केबल बदलून बघताना दुसरी केबल चांगली आहे याची खात्री दुसऱ्या गिटारवर करून घ्या. दोन्ही टोकांना सारखेच 6.35 मिलिमीटरचे प्लग असल्यामुळे स्पीकरची केबल चुकून गिटारला लावली जाते. तिच्यात सिग्नलभोवती जाळीचं आवरण नसतं, नुसत्या दोन वायर शेजारी-शेजारी असतात. अशी केबल लावली की उत्तम गिटारही घरघरते.

व्हॉल्यूम शून्यावर

गिटारवरचे सगळे व्हॉल्यूम शून्यावर न्या. नेहमीच्या वायरिंगमध्ये यामुळे बाहेर जाणारा सिग्नल थेट ग्राउंडला मिळतो. आवाज बंद झाला तर दोष पॉटच्या अलीकडे : पिकअप, सिलेक्टर स्विच (कोणतं पिकअप चालू ते ठरवणारा) किंवा त्यांच्या वायर. शून्यावरही घरघर तशीच राहिली तर केबल, अ‍ॅम्प, जॅक, किंवा पॉट आणि जॅक यांच्यामधली ग्राउंडची वायर. एका नॉबच्या फेऱ्यात शोधाची जागा निम्मी होते.

व्हॉल्यूम मध्यावर असताना घरघर थोडी वाढलेली वाटली तर घाबरू नका. पॉट मधोमध असताना गिटारचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा एकूण विरोध) सर्वांत जास्त होतो आणि बाहेरचा गोंगाट सहज शिरतो.

हाताची भाषा

एक अट आधी. अ‍ॅम्प अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावलेला हवा, आणि तारांना हात लावताना अंगात जराही झिणझिणी येता कामा नये. आली तर इथेच थांबा आणि शेवटचा भाग वाचा.

तुमचं शरीर हा एक मोठा अँटेना आहे. आजूबाजूच्या वायरिंगमधलं विद्युत क्षेत्र ते पकडतं आणि अगदी जवळ असलेल्या पिकअपला आणि वायरींना देतं. गिटारच्या तारा एका वायरने ग्राउंडला जोडलेल्या असतात. त्यांना हात लावला की शरीरही ग्राउंडला जोडलं जातं, आणि गोंगाट देणारं तेच अंग ढालीचं काम करू लागतं. म्हणून हात लावल्यावर घरघर कमी होणं हे वायरिंग बिघडल्याचं लक्षण नाही. तारांचं ग्राउंड शाबूत आहे आणि शिल्डिंग (बाहेरचा गोंगाट अडवणारं वाहक आवरण) कमी पडतंय, एवढाच त्याचा अर्थ. ‘हात लावला की थांबते, म्हणजे ग्राउंड तुटलंय’ असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकून चांगले टाके उकलू नका.

तारांना हात लावून फरक नाही, पण जॅकच्या पट्टीला किंवा प्लगच्या धातूच्या टोपणाला लावल्यावर शांतता, असं असेल तर तारांची ग्राउंड वायर सुटली आहे. मात्र ईएमजीसारख्या, बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपच्या गिटारमध्ये तारांचं ग्राउंड मुद्दामच जोडत नाहीत. तिथे हा दोष समजू नये.

तारांना हात लावल्यावर आवाज वाढत असेल, तर जॅकवर हॉट (सिग्नल नेणारी वायर) आणि ग्राउंडची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता सर्वांत मोठी. तारा ग्राउंडऐवजी सिग्नलला जोडल्या गेल्यामुळे तुमच्या अंगावरचा सगळा गोंगाट सरळ अ‍ॅम्पमध्ये जातो. जॅक नुकताच बदलला असेल तर दुसरं काही शोधूच नका.

पिकअपच्या धातूच्या झाकणाला बोट लावल्यावर झर्रर वाढली तर ते झाकण ग्राउंडला जोडलेलं नाही. सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपच्या उघड्या चुंबकांच्या टोकांना बोट लावल्यावर मात्र थोडा आवाज येऊ शकतो. कॉइल थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते, आणि आतलं टोक हॉटच्या बाजूला असेल तर बोटाचा गोंगाट आत शिरतो. वाजवताना तिथे बोट जात नसेल तर सोडून द्या.

आता सिलेक्टर एकेका जागी नेऊन ऐका. एकाच पिकअपवर झर्रर वाढत असेल तर दोष त्याच्या वायरींत. सगळीकडे सारखीच असेल तर सामाईक भागात, म्हणजे पॉट, जॅक, ग्राउंडमध्ये.

गिटार उघडल्यावर पहिला मान जॅकचा

आता केबल काढून टाका. उघड्या गिटारवरची प्रत्येक तपासणी आणि सोल्डरिंग अ‍ॅम्पपासून सुटी करूनच.

रोज ओढाताण सहन करणारा गिटारमधला एकमेव विद्युत भाग म्हणजे जॅक. त्याचा नट सैल होतो, प्लग लावता-काढता पूर्ण जॅक आत गोल फिरतो, आतल्या वायर पिळल्या जातात आणि शेवटी एक तुटते, किंवा उघडी पडून दुसरीला टेकते. बाहेरून नुसता पाना लावून नट आवळणं हेच या तुटीचं मोठं कारण, कारण नटाबरोबर जॅकही फिरतो. आवळताना आतून जॅक घट्ट धरायचा.

उघड्या प्रकारच्या जॅकमध्ये वाकवलेल्या लांब पट्टीशी जोडलेलं टोक हॉटचं, आणि नटाच्या नळीशी जोडलेलं टोक ग्राउंडचं. वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटरने खात्री करा. ती लांब पट्टी सैल पडली असेल तर प्लगच्या टोकावर नीट दाबत नाही. बोटाने किंचित आत वाकवली तरी पुरतं. अ‍ॅक्टिव्ह गिटारमध्ये जॅकला तिसरं टोक असतं, बॅटरी चालू-बंद करणारं. त्याला हात लावू नका. मात्र अशा गिटारची बॅटरी नवी घालून बघणं हे सगळ्याच्या आधी करण्याचं काम.

मल्टिमीटरने ग्राउंड शोधणं

मीटर ओहमच्या सर्वांत खालच्या पट्ट्यावर ठेवा आणि दोन्ही टोकं एकमेकांना लावून त्याचं स्वतःचं वाचन बघा. काही दशांश ओहम असतंच. मग एक टोक जॅकच्या ग्राउंडला धरून दुसरं क्रमाने प्रत्येक पॉटच्या पाठीला, स्विचच्या ग्राउंडला, ब्रिजला (तारा टेकतात त्या धातूच्या भागाला), प्रत्येक तारेला आणि पिकअपच्या धातूच्या झाकणाला लावा. सगळीकडे ते मूळ वाचन किंवा त्याहून किंचित जास्त यायला हवं. एक ओहमच्या वर गेलं तर तो सांधा संशयास्पद.

नुसत्या ‘बीप’वर विसंबू नका. बरेच मीटर वीस-तीस ओहमपर्यंतही बीप देतात, म्हणजे कुजका सांधाही बीपमध्ये पास होतो. आकडा बघा, आणि बघताना वायर लाकडी काडीने हलवा. हलवल्यावर आकडा उडाला की दोष सापडला.

मग व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे ठेवून हॉट आणि ग्राउंड यांच्यामधला रोध मोजा. सिंगल कॉइल साधारण 5 ते 8 किलोओहम, हंबकर (दोन कॉइलचं पिकअप) साधारण 7 ते 15. शून्याच्या आसपास आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. 250 किंवा 500 किलोओहमच्या जवळपास आलं तर तुम्ही फक्त पॉट मोजताय. पिकअप मंडलात नाहीच. त्याची वायर तरी सुटली आहे, नाहीतर कॉइल तुटली आहे.

तारांची ग्राउंड वायर

ही वायर कुठे लपलेली असते ते गिटारच्या बांधणीवर ठरतं. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीत मागच्या खाचेत स्प्रिंगा अडकवलेल्या पंजाला ती सोल्डर केलेली असते. टेलिकास्टर पद्धतीत ब्रिजच्या पत्र्याखाली नुसती दाबलेली. लेस पॉल पद्धतीत टेलपीसच्या (तारांची टोकं अडकवतात त्या पट्टीच्या) खांबाच्या भोकात, खांब आणि लाकूड यांच्यामध्ये चिणलेली. नुसत्या दाबलेल्या वायरी पुन्हापुन्हा दगा देतात : लाकूड आक्रसतं, वायर काळवंडते, किंवा खाली वार्निशचा थर येतो. टोक ताजं सोलून, पंख्यासारखं पसरून परत दाबा. काळ्या रंगाचा मुलामा असलेल्या ब्रिजवर मीटरचं टोक पृष्ठभागावर टेकवून काही कळत नाही. मोजायचं ते तारेवरच.

सोल्डर पुन्हा करणं

ड्राय सोल्डर हा या सगळ्यातला लपलेला चोर. वरून थेंब दिसतो, आत सोल्डर धातूला धरलेलंच नसतं. शिसं-कथिलाचा चांगला सांधा चकचकीत आणि कडेला पसरट असतो. खराब असला तर निस्तेज, दाणेदार, गोळ्यासारखा उभा. बिनशिशाचं सोल्डर मात्र चांगलं झालं तरी थोडं निस्तेजच दिसतं. त्यामुळे हलकेच ओढून बघणं आणि मीटर, हीच खरी परीक्षा.

पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नाही, अशी तक्रार असते. तो पत्रा उष्णता शोषून घेतो. बारीक टोकाचं दुबळं सोल्डरिंग आयर्न तिथे मिनिटभर टेकवून ठेवलं तर सोल्डर वितळत नाही आणि आतला पॉट मात्र भाजून निघतो. रुंद टोकाचं, 40 वॉट किंवा त्याहून दमदार आयर्न घ्या, पाठ पॉलिश पेपरने घासा, काही सेकंदांत काम उरका. रेझिन फ्लक्सचंच (फ्लक्स म्हणजे सांधा साफ करणारा पदार्थ) सोल्डर वापरा. नळकामाचं आम्लाचं फ्लक्स महिन्यांनी सांधे खाऊन टाकतं. गिटारच्या अंगावर जाड कापड पसरा, खिडकी उघडी ठेवा, शिशाचं सोल्डर असेल तर नंतर हात धुवा.

शिल्डिंग, आणि त्याने काय होत नाही

वरचं सगळं ठीक निघालं, तरी हात काढल्यावर झर्रर येतच असेल, तर वायरिंगच्या खाचेच्या आतून तांब्याची पट्टी किंवा शिल्डिंगचा वाहक रंग लावण्यात अर्थ आहे. पट्टीचा गोंद वाहक असावा. नसेल तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा एक थेंब द्या. पिकगार्डची (गिटारच्या पुढच्या झाकणाची) आतली बाजूही झाका, आणि सगळं एका वायरने ग्राउंडला जोडा. न जोडलेलं शिल्डिंग उपयोगाचं नाही, उलट त्रासच देऊ शकतं. जॅकची लांब पट्टी प्लग घातल्यावर बाहेर झुकते. तिथे तांब्याला टेकली की गिटार मुकी होते, म्हणून त्या भिंतीवर इन्सुलेशन टेप लावा आणि झाकण बंद करण्याआधी केबल लावून बघा.

पण शिल्डिंग फक्त विद्युत क्षेत्र अडवतं. जाड ‘घूंऽऽ’ चुंबकीय क्षेत्रातून येते आणि तांब्याचा पातळ पत्रा तिला अडवू शकत नाही. पूर्ण खाच तांब्याने मढवून गुणगुण तशीच राहिली म्हणून निराश झालेले वादक मी पाहिले आहेत. त्यांना कोणी हे आधी सांगितलं नव्हतं. सिंगल कॉइल पिकअप हे क्षेत्र पकडणारच. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी 1955 साली ज्या हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात याचा उपाय आहे : दोन कॉइल, गुंडाळी एकमेकींच्या उलट आणि चुंबकांचे ध्रुवही उलट. बाहेरची गुणगुण एकमेकींना खोडते, तारेचा सिग्नल मात्र जोडला जातो. स्ट्रॅटसारख्या गिटारमध्ये मधलं पिकअप उलट गुंडाळीचं असेल, तर सिलेक्टरच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी गुणगुण आपोआप घटते. तिथे शांत आणि बाकी जागी ‘घूं’ असेल, तर वायरिंग बरोबर आहे. सिंगल कॉइलचा टोन हवा असेल तर ती गुणगुण सोबत घ्यावी लागते, नाहीतर त्याच आकाराचं गुणगुण खोडणारं पिकअप बसवावं.

इथे थांबा

तारांना किंवा मायक्रोफोनला स्पर्श करताना झिणझिणी, चटका, ओठांना मुंग्या : वाजवणं लगेच बंद. उपकरणांना न शिवता मुख्य स्विचवरून वीज तोडा. सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून आणि अ‍ॅम्प जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय पुन्हा काही जोडू नका. 1972 साली स्वॉन्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनचा धक्का बसून मंचावरच दगावले. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढणं किंवा कापणं हा उपाय कोणी सुचवला तर स्पष्ट नकार द्या. आवाज कमी होईलही, पण दोष आला त्या दिवशी वीज तुमच्या हातांतून वाट काढेल.

गिटारशिवाय, केबल काढूनही अ‍ॅम्प घरघरत असेल तर तो उघडू नका. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात, आणि ते जीवघेणे असतात.

तुटलेली कॉइलही घरी जोडू नका. तिची तार सुमारे 0.06 मिलिमीटर जाडीची असते, केसाइतकी बारीक. ती रिवाइंड करणाऱ्याकडेच द्यावी. जुन्या, मूळ सोल्डर शाबूत असलेल्या गिटारवर आयर्न टेकवण्याआधी जाणकाराला दाखवा. एफ-आकाराच्या छिद्रांतून संपूर्ण वायरिंग बाहेर काढावं लागणाऱ्या पोकळ गिटार आणि अ‍ॅक्टिव्ह प्रीअ‍ॅम्पचे सर्किट बोर्डही दुरुस्ती करणाऱ्याकडेच बरे.

त्याच्याकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या : व्हॉल्यूम शून्यावर काय होतं, तारांना आणि जॅकला हात लावल्यावर काय होतं, जागीच फिरल्यावर काय होतं, आणि सिलेक्टरच्या कोणत्या जागी जास्त ऐकू येतं. आपली केबलही बरोबर असू द्या.